नैरोबीची सही आणि लष्करचं कोर्ट

पुणं सोडताना माझ्या कोटाच्या आतल्या खिशात एक कागद होता. त्याला सुरकुती पडू नये म्हणून मी ग्वाल्हेर येईपर्यंत नीट आडवा झालो नाही. मनमाडला एका गृहस्थांनी विचारलं, "पाठीत उसण भरली का हो?" मी म्हटलं, "नाही, कायदा भरलाय." ते दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

कागद नैरोबीहून आला होता. माझ्या मावशीचे दीर बापूकाका पंधरा वर्षं तिकडं रेल्वेत कारकून आहेत. मावशी ग्वाल्हेरच्या लष्करातली. (लष्कर म्हणजे शहराचा एक भाग, दक्षिणेतून आलेली मराठी घरं बहुतेक इथंच.) तिचे यजमान श्रीधरपंत एका देवळाचे पुजारी. मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांनी चार वर्षांचा माधव दत्तक घेतला. होम झाला, पंगती उठल्या, संपलं; कागद करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पुढं श्रीधरपंत वारले. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं आणि प्रत्येक खातं दिसेल त्याला विचारू लागलं, "तुम्ही कोण?" पूजेचा हक्क नव्या सरकारी वहीत चढवायचा होता. ती संधी साधून श्रीधरपंतांचे पुतणे गणपतराव कोर्टात गेले, की दत्तविधान झालंच नाही, माधव कुणी नव्हे, वारस मी.

मावशी आणि माधव सोडले, तर त्या होमाला हजर असलेल्यांपैकी आता दोघंच उरले होते. एक बापूकाका आणि दुसरे खुद्द गणपतराव! म्हणून बापूकाकांचा कागद. 'ग्वाल्हेरच्या टपालाचं हल्ली काय झालंय कळत नाही, तू जातीनं नेऊन दे,' असं त्यांनी मला लिहिलं होतं. इतकी जबाबदारी माझ्यावर यापूर्वी कुणी टाकलेली नव्हती, हे माझ्या घरचेही कबूल करतील.

गाडीतून सकाळी किल्ला दिसला. डोंगरावर बांधलाय की डोंगरच तासलाय, लांबून कळत नाही. थंडी अशी, की 'किला गेट, किला गेट' ओरडणाऱ्या टांगेवाल्याच्या तोंडातून आधी वाफ यायची, मग शब्द. स्टेशनबाहेर मी गरम बेडई (उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि बटाट्याची तिखटजाळ भाजी खाल्ली. चार खाल्ल्या. दोन पुरे होत्या.

घरी माधवनंच दार उघडलं. बावीस वर्षांचा, शाळेत चित्रकला शिकवतो. "आओ दादा, बसा. आई तो सुबह से तुमची वाट बघतेय," तो म्हणाला. इथली तरुण पोरं वाक्य मराठीत सुरू करतात आणि कुठल्या गावाला उतरतील त्याचा नेम नाही. मावशी चुलीपुढून हात पुसत आली. माझी चौकशी नाही, प्रवासाची नाही. म्हणाली, "भाऊजींचा कागद?"

मी तो मोठ्या ऐटीत काढला. जाड निळसर कागद, मोत्यासारखं अक्षर. मावशीनं त्याला हात लावला नाही, नुसता नमस्कार केला. "आता माझा माधव माझा राहील ना रे?" ती म्हणाली. मला गलबलून आलं. ते लपवायला मी म्हणालो, "मावशी, हा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

दुपारी फूलबागेजवळ वकिलांकडं गेलो. मुन्शीलालजी हा सज्जन पण उदास माणूस. त्यांच्या खिडकीतून एक सरकारी कचेरी दिसायची. तिची जुनी पाटी उतरवलेली आणि नवी पाटी कोरी. "कपाटं नव्या राज्याच्या इंदूरच्या कचेरीत गेलीत," ते हिंदीत म्हणाले, "किल्ल्या इथंच आहेत." मग त्यांनी कागद वाचला, उलटा करून पाहिला आणि चष्मा काढला.

"भाईसाहब, हे कुणाच्या नावानं लिहिलंय?"

'श्रीमंत सरकार दरबार, संस्थान ग्वाल्हेर.' पंधरा वर्षं परदेशात राहिलेल्या बापूकाकांनी आता नसलेल्या सरकारला अर्ज केला होता!

"ते एक वेळ चालवून घेऊ. पण हलफनामा (शपथेवर केलेलं लेखी निवेदन) कुठाय? तिथल्या मॅजिस्ट्रेटसमोर शपथ नाही, शिक्का नाही. नुसती सही! नैरोबीत बसून कुणी काहीही लिहील. ही सही त्यांचीच, हे तरी कोर्टानं कशावरून मानायचं?"

कागदाच्या तळाशी बापूकाकांनी लिहिलंच होतं : 'येथील लोक शपथ घ्या म्हणतात. आपल्या घरी शपथ घेत नाहीत. वरील मजकूर खरा. सही केली आहे, ती पुरे.'

घरी येऊन मी मावशीवर उखडलो. "शपथ घेत नाहीत म्हणजे काय? ही काय वांग्याची भाजी आहे, चातुर्मासात वर्ज्य?"

"या घरात कुणीच घेत नाही," ती शांतपणे म्हणाली. "ज्याचं बोलणं पातळ, त्यानं शपथेचं पीठ लावावं, असं सासरे म्हणायचे. आपल्या तोंडानं खोटं बोलायचं नाही आणि खऱ्यासाठी देवाला साक्षीला ओढायचं नाही."

"मग गणपतराव खोटं कसे बोलले?"

"ते त्याच्या वकिलानं लिहिलंय. गणूनं तोंडानं कुठं म्हटलंय?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी कोर्ट. न्यायाधीश बाहेरून बदलून आलेले, गळ्याला मफलर, नाक लाल. मुन्शीलालजींनी कागद पुढं केला. गणपतरावांचे वकील उठले आणि काल मुन्शीलालजी जे बोलले तेच बोलले, फक्त मोठ्यानं. न्यायाधीशांनी कागद परत केला. "बगैर हलफ, परदेस में दस्तख़त. यह नहीं चलेगा. नैरोबी से क़ायदे से बनवाकर मँगवाइए." मावशीला हिंदी चांगलं कळतं. तिनं माधवचा हात घट्ट धरला. काळ्या दगडावरची रेघ म्हणणारा मी भिंतीकडं बघत उभा राहिलो.

"तोपर्यंत गणपतरावांची जबानी घेऊन टाकू," न्यायाधीश म्हणाले.

गणपतराव पिंजऱ्यात आले. चाळिशीकडं झुकलेले, गोल, घाबरट. पेशकार (साहेबांच्या पुढ्यात कागद ठेवणारा कारकून) म्हणाला, "कहिए, ईश्वर की शपथ..."

"आम्ही शपथ घेत नाही."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "इधर भी वही? पूरा खानदान ऐसा है क्या?" आणि नाक पुसून म्हणाले, "शपथ नको. देवाचं नाव घेऊ नका. 'जो कहूँगा सच कहूँगा', एवढं म्हणा. कायद्याला तेवढं पुरतं."

म्हणजे बापूकाकांनाही मॅजिस्ट्रेटपुढं हे चाललं असतं! हे नैरोबीत कुणी सांगितलं नाही आणि पुण्यात मीही विचारलं नाही.

गणपतराव "सच कहूँगा" म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "तो कागद एकदा बघू?"

न्यायाधीशांनी बघू दिला. गणपतरावांनी तो वाचला. सहीवर बोट ठेवलं. "बापूकाकांचीच. मला अक्षर त्यांनी शिकवलं." त्यांचा वकील कोटाची बाही ओढू लागला. गणपतरावांनी ती सोडवून घेतली. "वकीलसाहेब, लिहिलंत तुम्ही. तोंड माझं आहे." आणि मावशीकडं न बघता म्हणाले, "दत्तविधान झालं. माधव काकूंच्या मांडीवर बसला होता, रडत होता. मी होतो तिथं. जेवलो."

पेशकारानंही लिहायचं थांबवून वर पाहिलं. मावशी तिथंच खाली बसली. रडत रडत म्हणाली, "मेल्या गणू, मग वर्षभर माझा जीव का खाल्लास रे!"

"चुकलो, काकू," गणपतराव म्हणाले.

त्या संध्याकाळी तेही जेवायला होते. मावशीनं त्यांना वाढताना प्रत्येक पोळीबरोबर एक शिवी दिली आणि त्यांनी दोन्ही मुकाट खाल्ल्या. माधव त्यांना "और लो, दादा" म्हणत होता. मला बरोबर न्यायला गजक (तीळ नि गूळ कुटून केलेली खुसखुशीत वडी) मिळाली. परतताना मात्र मी ऐसपैस आडवा झालो.

आमच्याकडं दोन आण्यांच्या भेंडीलाही माणूस गळ्याची शपथ घेतो. मीही त्यातलाच, दिवसाला दहा तरी होतात. घरी पोचलो तर बायको दारातच. "काय झालं? माधव कुणाचा ठरला?"

'देवाशप्पथ सांगतो' ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"मावशीचा," म्हणालो.