अंबाजीमामांनी हात उचलला तो मंगळवार

अंबाजीमामांनी सारंगचं नाक फोडलं तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, आणि खरं सांगते, मला काडीचंही वाईट वाटलं नाही. मी गीता. बेगम बाजारातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नऊ वर्षं बिल्ट्या फाडते, म्हणजे कुठला माल कुठल्या गाडीत चढला त्याच्या पावत्या. तोंडाची मी फटकळच आहे.

मामा नांदेडकडचे. माझे सख्खे नव्हेत, सगळं ऑफिसच त्यांना मामा म्हणतं. बावीस वर्षं ट्रक चालवला त्यांनी. एकदा उतारावर इंजिन बंद पडलं, गाडी कठड्यावर आदळली आणि गुडघ्याचा चुरा झाला. वर गाडीखाली एक म्हैस मेली म्हणून गावातल्यांनी त्याच मोडक्या पायावर काठ्या घातल्या. तेव्हापासून मामा लंगडतात आणि खुर्चीत बसून गाड्या सोडतात. फोनवर ड्रायव्हरचा नुसता आवाज ऐकला की सांगतात, याची झोप झालेली नाही, याला आज पाठवू नका. रागाला मात्र वाईट. आजवर तीन फोन भिंतीवर फोडलेत.

मग आमचे मालक अप्पाराव, त्यांना नसती अक्कल सुचली. त्यांनी पुण्याचा मॅनेजर आणला, हा सारंग. कॉम्प्युटरवर बोटं भराभर चालतात, पण ट्रकच्या केबिनची पायरी जन्मात चढलेला नाही. त्याने प्रत्येक गाडीत यंत्र बसवलं. गाडी कुठे आहे ते ऑफिसात पडद्यावर दिसतं, आणि कुणी गाडी पळवली तर इथूनच बटण दाबून इंजिन बंद करता येतं. मामांनी तेव्हाच बजावलं होतं की घाटातल्या गाडीवर हे बटण वापरू नका. सारंगने हसत विचारलं, मामा, तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलात? मामांच्या कपाळावरची शीर उडत होती.

त्या मंगळवारी दुपारी आमचा ड्रायव्हर सुरेश सोळा टन तांदूळ घेऊन श्रीशैलमच्या घाटाला लागला. उताराच्या तोंडाशी गाडी चाळीस मिनिटं उभी दिसली. तिथे जंगलात रेंज नाही, पडद्यावर शेवटची जागाच दिसत राहते, फोनही लागेना. सारंग पेटला, म्हणाला हा डिझेल विकतोय. मामा म्हणाले, नक्को रे बाबा, ब्रेक थंड करत असेल, शहाणा ड्रायव्हर तसंच करतो. सारंगने ऐकलं नाही. दाबलं बटण. पडद्यावर आलं की हुकूम निघालाय, गाडीला रेंज मिळताच पोचेल.

मामांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. सुरेश एवढ्यात उतरायला लागला असणार, आणि तिसऱ्या वळणाला रेंज येते. तिथे इंजिन बंद पडलं की ब्रेकला हवा मिळत नाही, स्टिअरिंग फिरत नाही. दोन-तीनदा ब्रेक दाबला की संपलं, पुढे दरी.

"रद्द कर," मामा म्हणाले.

"इंजिन बंद पडलं की गाडी थांबणारच ना," सारंग म्हणाला.

अरे मूर्खा! रद्द करायला त्याच्या अंगठ्याचा ठसा लागायचा, आणि त्याने अंगठा आत घेऊन मूठ आवळली. म्हणे, ऑफिस मी चालवतो.

मामांनी त्याची मान धरली आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. रक्त माझ्या बिल्टीबुकावर उडालं. आरडाओरडा ऐकून हमाल धावले, तर मी दाराला आतून कडी घातली. हौ, मीच घातली. मामांनी त्याचा हात गुडघ्याखाली दाबला आणि एकेक बोट उलगडलं. मधलं बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला. सारंग गुरासारखा ओरडत होता. मामांनी रक्ताने माखलेला अंगठा आपल्या सदऱ्याला पुसला आणि टेबलावरच्या ठशाच्या यंत्रावर दाबला. हुकूम रद्द झाला.

वीस मिनिटांनी सुरेशचा फोन आला. घाट उतरलो, आता जेवून घेतो, म्हणाला. मामा फोन कानाला लावून रडत राहिले.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात अप्पारावांनी तोडगा काढला. मामांनी सारंगच्या पाया पडायचं, सारंगने तक्रार सोडायची. मामा उठले. त्यांच्या हातावरचं रक्त वाळलं होतं.

"पडतो पाया. पण आधी याला सुरेशच्या शेजारी बसवून तो घाट उतरवा. बटण माझ्या हातात द्या."

सगळे सारंगकडे बघायला लागले. नाकाला पट्टी, बोटाला पट्टी. त्याने घाईघाईने मान हलवली, नाही म्हणाला.

म्हणजे घाटात बटण दाबलं की गाडी दरीत जाते, हे कळत होतं मेल्याला. तरी त्याने मामांविरुद्धच्या तक्रारीवर सही केली.