तारेबाहेरचे दोन हात वावर

परवापरवापर्यंत आश्विन लागला की आमच्याकडे पहाटेच्या वाऱ्यावर दोन वास येत. एक ओल्या काळ्या मातीचा. सरत्या पावसाची उरलीसुरली ओल पोटाशी धरून बसलेल्या वावराचा. दुसरा आंबट, किंचित कुबट, नदीच्या अंगाला उभ्या राहिलेल्या कारखान्यातून येणारा. तिथे मोठमोठ्या टाक्यांत काहीतरी आंबवतात, एवढीच आमच्या गावाला माहिती. हा दुसरा वास पहिल्यांदा आला त्या सकाळी आई सडा घालता घालता थांबली, नाक वर करून तिने चारी दिशांचा अदमास घेतला आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "अगं, कुनाच्या कुरडयांच्या गव्हाचं पानी बदलायचं ऱ्हायलंय बघ!" ऐन आश्विनात कुरडया कोण करणार? पण तिला तेवढाच एक आंबट वास ठाऊक होता, उन्हाळ्यात तीन दिवस भिजत घातलेल्या गव्हाचा. बिचारी दोन घरांतली पातेली हुंगून आली. आम्ही तिला दिवसभर हसलो.

तुम्ही कधी बदलत्या गावात राहिला आहात? गाव एका दिवसात शहर होत नाही. आधी वास बदलतो, मग आवाज, मग माणसांची वेळ. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षे झाली होती. फाळणीत उखडल्या गेलेल्या माणसांची छावणी वेशीपलीकडे वसली होती, मुंबई-पुणे रस्त्यावर मोटारींची वर्दळ वाढली होती, आणि सूर्याकडे बघून भाकरी थापणारी आई आता कारखान्याच्या भोंग्यावर चूल पेटवू लागली होती. कोकणातून, मराठवाड्यातून आलेली बिऱ्हाडे गोठ्यांच्या जागी बांधलेल्या खोल्यांत राहू लागली. त्यांना परके तरी कसे म्हणावे? ती आपले गाव मागे टाकून आली होती. आमचे गाव मात्र आम्हाला जागच्या जागी ठेवून स्वतःच निघून चालले होते! पण हे सारे मला आता सुचते आहे. त्या दिवसांत मी फार खुशीत होतो.

माझे वडील, आबा, आणि शेजारचे ज्ञानबाकाका यांची सावड होती. सावड म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. दोन्ही घरांत एकेकच बैल. आमचा हौशा, त्यांचा पाखऱ्या. दोघांची मिळून एक जोडी आणि त्या जोडीवर दोन घरांची शेती. याला कागद नव्हता की साक्षीदार नव्हता. नियम तेवढा एक होता: रब्बीच्या ज्वारीचे पहिले तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, एका वर्षी आमच्या वावरात घालायची आणि दुसऱ्या वर्षी काकांच्या. ज्याची पाळी त्याच्या रानात पहिली मूठ पडल्याखेरीज दुसऱ्याने पेरायचे नाही. आजोबांच्याही आधीपासून हे असेच चालत आले होते.

काकांचे वावर कारखान्यात गेले. त्याची नोटीस त्यांना मी वाचून दाखवली. मी तेव्हा नुकताच गावच्या शाळेत मास्तर झालो होतो आणि उद्याच्या दिवसांवर माझा अपार विश्वास होता. बिनघोर अंगठा करा काका, पगार मिळेल, पोरे शिकतील, असे मी त्यांना किती सहजपणे सांगितले! नोकरीचा अर्जही माझ्याच वळणदार अक्षरात गेला. काका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाले. ज्या जमिनीत ते जन्मभर वाकले, तिच्याच दारात आता खाकी कपडे घालून ताठ उभे राहू लागले. पाखऱ्याला विकायला मात्र त्यांचे मन धजेना, म्हणून त्यांनी तो आमच्या गोठ्यात आणून बांधला.

त्या वर्षी पहिल्या तासाची पाळी काकांची होती.

हे माझ्या ध्यानातही नव्हते. जमिनीला वाफसा आला, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल झाली, तेव्हा आबांनी पहाटेच जोडी जुंपली, बी पेरायची पाभर घेतली, आणि मी बियाण्याची पिशवी खांद्याला लावून मागोमाग निघालो. आमचे वावर डावीकडे. आबा वळले उजवीकडे. म्हातारा वाट चुकला की काय, असे म्हणेपर्यंत आम्ही कारखान्याच्या फाटकासमोर उभे होतो. काकांनी आधी बैलांकडे पाहिले, मग आबांकडे.

"म्हादबा, हितं काय आनलंस ह्ये?"

"औंदा पाळी तुजी हाय न्हवं?"

काकांनी दोन्ही हातांनी फाटक घट्ट धरले. "आत कुनाला सोडायचा हुकूम न्हाई रे मला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मीच मान खाली घातली. पाखऱ्याने मान लांबवून फाटकाच्या गजांतून त्यांची खाकी बाही चाटली. आपल्याच सावडीदाराला आपल्याच रानाच्या दारातून परत पाठवायचे, असे काम नशिबी येईल हे त्या अर्जात मी कुठे लिहिले होते? आबांनी जोडी वळवली, सरळ घरी आणली आणि जू उतरवून ठेवले.

त्यानंतर तीन दिवस आबांनी पाभरीला हात लावला नाही. आश्विनातले ऊन कडक. वावर वरून पांढरे पडू लागले. वाफसा कुणासाठी थांबत नाही. ज्वारी पेरली नाही तर वर्षभर खायचे काय, या धास्तीने आईचा जीव कासावीस झाला. तिने देव पाण्यात घालायचेच काय ते बाकी ठेवले. शेवटी मी चिडलो. आबा, त्यांचे वावरच उरले नाही तर पाळी कसली धरून बसलाय, असे मी त्यांना जवळजवळ ओरडूनच विचारले. ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. "वावर गेलं रं," ते म्हणाले, "सावड कुटं गेली?" मी शाळेला निघून गेलो.

चौथ्या दिवशी दुपारी, फाटकावरचे काम संपवून, काका खाकी कपड्यांतच आमच्या दारात आले. तीन दिवस ते कारखान्याच्या तारेच्या कुंपणाच्या कडेकडेने फिरत होते. "म्हादबा, ऊठ. तार त्यांनी बांधाच्या आत घेतलीया. दोन हात वावर भाईर ऱ्हायलंय बघ माजं." बांध केव्हाच सपाट झाला होता. पण हद्दीचा जुना दगड गवतात कुठे दडला आहे, हे साऱ्या जगात त्या दोघांनाच ठाऊक होते.

ती पेरणी मी डोळे मिटले की अजून दिसते. एका बाजूला काटेरी तार, दुसऱ्या बाजूला रस्ता, मध्ये दोन हातांची पट्टी. हौशा रस्त्यावरून चालत होता आणि पाखऱ्या आपल्या मातीवरून. पाभरीचे एकच फण जमिनीत शिरत होते. बाकीची रस्त्याच्या खडीवर खरखर घासत होती, म्हणून त्यांच्यात बी सोडणाऱ्या नळ्या आबांनी चिंध्यांनी बंद केल्या होत्या. काकांनी टोपी काखेत धरली आणि पाभरीच्या चाड्यावर, बी ओतायच्या लाकडी वाटीवर, पहिली मूठ सोडली. एका मालमोटारीतला क्लीनर आमच्याकडे बोट दाखवून खो खो हसला. त्याचे काय चुकले? वर्षभरापूर्वी मीही हसलो असतो. तारेच्या टोकाशी पोचल्यावर काकांनी जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग आम्ही सगळे आमच्या वावराकडे वळलो.

ती एकटी ओळ चांगली तरारली. मार्गशीर्षात कमरेला लागली, पौषात कणसे धरली. फाटकावर उभे राहून काका आता कारखान्याबरोबर तिचीही राखण करत. दाणे हुरड्याला आले आणि कुणी बडे साहेब येणार म्हणून तारेकडचे गवत काढून टाकण्याचा हुकूम सुटला. मोटारीतून जाणाऱ्याला ज्वारी काय आणि गवत काय, हिरवे ते हिरवेच. काकांनी कुणालाही मदतीला बोलावले नाही. स्वतःच सगळी ओळ मुळापासून उपटली, भारा खांद्यावर घेऊन आमच्या गोठ्यात आले आणि दोन्ही बैलांपुढे सारखा वाटून टाकला. हुरडा भाजण्याचे नावही कुणी काढले नाही. आबा ज्वारीचे एकेक ताट उचलून मुळांची माती अंगणात झटकत राहिले. त्या संध्याकाळी आईने अंगणाचा तेवढा भाग झाडला नाही.

पुढल्या वर्षी पाळी आमची होती, पेरणी बिनबोभाट झाली. यंदा पुन्हा काकांची. पण मध्यंतरी रस्ता रुंद झाला आणि ती दोन हातांची पट्टी खडीखाली गेली. त्यातच श्रावणात आमच्या वावराची नोटीस आली. या वेळी मी शहाणा झालो होतो! चार रात्री बसून मी हरकतीचा अर्ज लिहिला. त्यात कुळकायदा होता, विहीर होती, म्हातारे आईबाप होते. निदान एक-दोन वर्षे तरी जमीन हातची जाणार नाही, अशी मला खात्री होती. आबांनी तो सगळा शांतपणे ऐकून घेतला. मग नोटिशीबरोबर आलेला संमतीचा कागद पुढे ओढला आणि विचारले, "अंगठा कुटं करायचा?"

मी त्यांचा हात धरला. आबा, अजून वेळ आहे, यंदाचे पीक तरी घेऊ, असे म्हणालो. मला वाटते, मी रडत होतो.

"कसं घ्यायाचं?" ते समजुतीने म्हणाले. "औंदा पाळी ज्ञानबाची हाय. त्याचं पेरल्याबिगर आपलं कसं पेरायचं?"

शाईची डबी मीच उघडून दिली.

आज पहाटे वारा सुटला. आमच्या वावरावर मुरूम पडला आहे, पाभर आढ्याला टांगली आहे. रात्रपाळी करून आलेले काका आणि आबा गोठ्यात हौशा-पाखऱ्यापाशी बसले होते. मागच्या खोलीत नव्याने राहायला आलेली कोकणातली बाई नाकाला पदर लावून आईला विचारत होती, "काकू, हा वास कसला हो येतोय?" आईने सडा घालता घालता मान वर केली. "कसला वास?" ती म्हणाली, आणि तिला खरोखरच काही कळले नाही. मी मात्र अंगणात उभा राहून, तिने त्या सकाळी केले होते तसेच नाक वर करून, तो पहिला, मातीचा वास शोधत राहिलो. चारी दिशांना शोधला. मग भोंगा झाला आणि मी शाळेत गेलो.