कडूबाचा अनवाणी फेरा

मंठ्यात पगारी फुटबॉल क्लब निघाला तो शहाऐंशी साली, आणि गाव वर्षभर हसत होतं. लाथा मारायचा पगार म्हणे! गिरिधर वकील हैदराबादला कायदा शिकायला गेले होते; कायद्यापेक्षा फुटबॉलच जास्त शिकून आले असावेत. सहा खेळाडू महिना पगारावर, बाकीचे हौशी, आणि मैदान म्हणून एका जिनिंगचं आवार. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे कापसाच्या बैलगाड्या चार-चार दिवस मापाची वाट बघत उभ्या असत. होळीनंतर तिथेच फुटबॉल.

आता बैल उभे राहिले की त्यांच्या खुरांच्या पत्र्या निखळतात आणि खिळे मातीत जातात. नालबंद तिथेच बसून नव्या पत्र्या ठोकतो, त्याचेही चार सांडतात. वकिलांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. कडूबाला होतं. कडूबा जिनिंगचा रखवालदार, पन्नाशीचा, काटक. गाड्या हलल्या की तो आवारात पाणी मारी, फुटक्या भोंग्यातला लोहचुंबक दोरीला बांधून ओढी, आणि शेवटी स्वतः अनवाणी चाले. पावलाला पाऊल लावून, आधी उभा, मग आडवा. आठ दिवस लागत. फेरा पुरा झाल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नसे, वकिलांनाही नाही.

गोलकीपर देवानंद त्याला कुंपणावरून चिडवी. घनसावंगीकडच्या झुंबरबाईचा हा एकुलता एक, बाप नसलेला.

"मामा, पेरणी करून राह्यले का?"

"खुरपणी. तुझ्या गुडघ्यासाठी करून राह्यलो, गाढवा."

एकोणनव्वद साली कापूस उदंड झाला, खरेदी लांबली आणि पाडवा उलटला तरी गाड्या हटेनात. इकडे औरंगाबादच्या संघाशी सामना ठरलेला. फुटबॉल संघटनेचे पाहुणे मैदान बघायला येणार. पसंत पडलं तर क्लब वरच्या गटात. कडूबाला मिळाले चार दिवस. चौथ्या दिवशी पाहुणे सकाळीच हजर झाले. गोलाच्या पुढची पूर्वेची पट्टी तेवढी राहिली होती. वकिलांनी सगळ्यांदेखत कडूबाच्या गळ्यात हार घातला, क्लबचा कोट दिला, कॅनव्हासचे बूट दिले आणि म्हणाले, "हे आमचे ग्राउंड्समन."

जन्मात पहिल्यांदा कुणा साहेबाने त्याला अहोजाहो केलं होतं. पाहुणे बघत असताना साहेबांनी दिलेले बूट काढून ठेवणं त्याला बेअदबी वाटली. ती पट्टी तो बुटांनी चालला. बुटाच्या तळव्याला काय कळणार?

"झालं का कडूबा?"

"झालं साहेब. बराबर झालं."

दुपारी सामना झाला. दुसऱ्या हाफात देवानंदने त्याच पट्टीवर झेप घेतली. उठताना गुडघ्यातून काहीतरी उपसलं आणि गोलामागे बसलेल्या कडूबाच्या पुढ्यात फेकलं. "मामा, हे एक राह्यलं तुमचं," म्हणाला, आणि हसत परत उभा राहिला. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. सामना जिंकला. जखमेवर हळद दाबली. धनुर्वाताची सुई घ्यायचं कुणालाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगा घरी गेला, आईबरोबर वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटू लागला. नवव्या दिवशी जबडा बसला. जालन्याला नेईपर्यंत अंग धनुष्यासारखं वाकलं होतं. तिथे तिसऱ्या दिवशी गेला. एकवीस वर्षांचा.

मग संघटनेचे पाच जण वकिलांच्या कचेरीत चौकशीला बसले. वकील दुष्ट नव्हते. असते तर बरं झालं असतं, रागवायला सोपं पडतं. ते एवढंच म्हणाले, "पोरगा दुसऱ्या दिवशी वावरात होता. तिथंच काही लागलं असेल." आणि कडूबाकडे बघितलं.

"मैदान पूर्ण चाललास?" एकाने विचारलं.

"चाललो."

"अनवाणी?"

कडूबा म्हणाला, "हो."

मैदान पसंत झालं. क्लब वरच्या गटात गेला, दोन ढाली आल्या, हसणारं गाव आता मिरवू लागलं. आणि झुंबरबाई भेटेल त्याला सांगत सुटली, "मीच नेल्तं त्याला पऱ्हाट्या उपटायला." तिने ते वावर पडीक टाकलं आणि दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाऊ लागली. कडूबाच्या कानावर हे यायचं. तो आठाऐवजी बारा-बारा दिवस अनवाणी फिरायचा, पण जीप पकडून घनसावंगीला जायला त्याला चार वर्षं लागली.

तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"किती जणांपुढं खोटं बोलला?"

"पाच. अन् वकील."

"मंग खरं बी लोकांपुढंच बोला. मला एकटीला सांगून काय फायदा? चार साल मी माझ्याच तोंडानं माझाच गुन्हा सांगत फिरले."

क्लबच्या वाढदिवसाला खुर्च्या भरल्या होत्या. कडूबा उभा राहिला. "देवानंदला खिळा हितंच लागला. ती पट्टी मी बूट घालून चाललो. मी खोटं बोललो."

वकिलांनी माईक ओढला. "वय झालं कडूबाचं. त्याला चहा द्या." लोक हसले. कप खरंच आला.

फाटकाशी उभी असलेली झुंबरबाई पुढे आली. "हसणं झालं का? मंग त्याला पुन्हा बोलू द्या."

कडूबा पुन्हा तेच बोलला. या वेळी कुणी हसलं नाही.

सोमवारपासून त्याला कामावरून काढलं. संघटनेने काही केलं नाही. जुनी गोष्ट म्हणाले. पुढच्या होळीनंतर क्लबने भाड्याने रोलर आणला. रोलर खिळे काढत नाही, दाबतो. पण मैदान सपाट दिसतं, आणि बघणाऱ्यांना तेवढं पुरतं.

झुंबरबाईने त्या वर्षी वावर नांगरलं. पेरणीच्या तोंडावर कडूबा बांधावर जाऊन उभा राहिला.

"गडी लागल का, बाई?"

"लागल," ती म्हणाली. "तुम्ही न्हाई."