कार्ड बदललं तरी गाडी उशिराच वळली

वसईतल्या नंदाखाल गावच्या एका घराच्या मागच्या अंगाला केळीच्या वाडीकडे तोंड केलेली एक खोली होती. ती मला भाड्याने मिळाली, हे मी अजूनही माझं नशीब समजतो. आठवीत शाळा सुटली, लातूरकडून आलो आणि वसई पूर्वेच्या एका गाळ्यात स्टोव्हचे बर्नर घासायला लागलो. खोली खाली कर म्हणतील या धास्तीने मी नळसुद्धा हळू सोडायचो. घरात घरमालकीण, जिला मीही आईच म्हणायचो, आणि तिचा एकुलता मुलगा. आपसात त्यांची कादोडी बोली चाले, ती मला निम्मीच कळे. माझ्याशी मात्र शाळेतली मराठी. मुलगा माझ्याहून थोडा मोठा, शाळेत गणित शिकवायचा. मी त्याला दादा म्हणायचो.

"काय मराठवाडा, जेवलास का?" म्हणत तो मला घरात ओढायचा. मग ताटावर बसलो की, "सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी देऊन टाक. किती दिवस बर्नर घासणार?"

मला तोवर असं कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या खोलीत, येशूच्या वेदीशेजारच्या टेबलावर, त्याचा कॉम्प्युटर होता. त्यावर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. संध्याकाळच्या जपमाळेआधी ते परत चढलंच पाहिजे, हा आईचा नियम. म्हणून आम्ही सुट्टीच्या दुपारी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो. आम्ही म्हणजे दादा चालवायचा आणि मी शेजारी स्टुलावर बसून कोपऱ्यातला नकाशा बघत ओरडायचो, "डावीकडे! आता पूल!" कीबोर्डला हात लावायची माझी छाती नव्हती. काही मोडलं-बिघडलं तर? त्यानेही आग्रह केला नाही, कारण माझं ओरडणं त्याला आवडायचं.

मग त्याने नवा गेम आणला आणि गाडी अडकायला लागली. चित्र धक्के खात पुढे सरकायचं, आणि वळण आलं की गाडी सरळ कठड्यात.

"प्रोसेसर म्हातारा झालाय," दादा म्हणाला.

"वाडीतला पंप चालू आहे. व्होल्टेज पडलं असेल," मी म्हणालो.

आतून आई म्हणाली, "तुम्हाला हरायला रोज नवीन कारण!"

केळीचे पैसे आले की एकच भाग घ्यायचा, असं ठरलं. पण कुठला? विरारच्या दुकानदाराने युक्ती सांगितली. अडकताना कॉम्प्युटरच्या डब्यावरचा लाल दिवा सारखा लुकलुकत असेल तर रॅम कमी पडते. तसं नसेल तर रिझोल्युशन कमी करून बघा. गेम पळाला तर ग्राफिक्स कार्ड घ्या, नाही पळाला तर प्रोसेसर. आम्ही घरी येऊन तसं केलं. मी दिव्याकडे टक लावून बसलो, तो शांत होता. रिझोल्युशन उतरवलं तर चित्र खरबरीत झालं, पण धक्के गेले. दादाने टाळी मागितली. "कार्ड!"

त्याही वेळी गाडी कठड्यावर आपटलीच होती. आम्हाला धक्के गेल्याचाच आनंद.

कार्ड आणलं त्या दुपारी आईने स्क्रू ठेवायला स्टीलची वाटी दिली. "आधी खिडकीच्या गजाला हात लाव, अंगातली वीज जाऊ दे," दादाने मला बजावलं. कार्ड खाचेत बसलं, पण शेवटचा स्क्रू त्याच्याकडून फिरेना. "आटे झिजलेत," म्हणाला. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, तर तो गुपचूप फिरला. त्याच महिन्यात स्कूटरची रेस जड झाली म्हणून त्याने केबल बदलून आणली होती. फळ्यावर अक्षर वाकडं येतं, खडू भिकार आहे, असंही म्हणाला होता. मी सगळ्याला हो म्हणत गेलो. त्याच्यापेक्षा मला जास्त काय कळणार होतं?

गेम सुरू झाला. काय चित्र होतं! रस्त्यावरच्या पाण्यात आभाळ दिसत होतं, कुठे धक्का नाही. मी ओरडलो, "डावीकडे!" गाडी उशिरा वळली. कठडा. परत. परत कठडा.

"अजून अडकतंय रे," दादा म्हणाला. मग उठला. "तू बस. बघू तुला कसं वाटतं."

मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो. तो मागून म्हणाला, "डावीकडे," आणि गाडी वळली. लोण्यासारखी. पुढच्या वळणावर मी मुद्दाम उशीर केला, गाडी आपटवली आणि म्हणालो, "हो दादा, अडकतंय."

दादाने मान हलवली.

"खोटं बोलू नको. पहिल्या वळणाला बरोबर वळली होती."

आणि तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. आईने दारातून विचारलं, "झालं का रे चालू?"

पुढे डॉक्टर, मुंबईचे मोठे डॉक्टर. मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचत नाही आणि हे वाढत जाणार, असं आईने मला मागच्या पायरीवर बसून सांगितलं. मी वेड्यासारखं विचारलं, "त्यात बदलायला काही मिळत नाही का?" तिने पदर तोंडाला लावला. खोली सोडू का, असंही मी विचारलं, त्यांना मदतीचं माणूस ठेवायला ती लागेल म्हणून. "तू कुठे जातोस? तू घरातलाच," ती म्हणाली.

दोन्ही हात गेले, शाळा गेली. सुट्टीच्या दुपारी मी त्याला खुर्चीत उशा लावून बसवायचो, कव्हर काढायचो आणि चालवायला बसायचो. आता नकाशा तो बघायचा. "डावीकडे. पूल." काही महिन्यांनी जीभही जड झाली. "डा" सुरू व्हायचा आणि शब्द पुरा होईस्तोवर वळण मागे पडलेलं असायचं. तसं झालं की त्याचे डोळे भरून यायचे.

मग मी गाडी हळू चालवायला लागलो. इतकी हळू, की सगळ्या गाड्या पुढे निघून जायच्या आणि रस्त्यावर आम्ही दोघंच उरायचो. वळण दिसलं की मी ब्रेक दाबून थांबायचो आणि वाट बघायचो.

"डा... वी... कडे."

मग वळायचो.