मालकंसासाठी उतरलेली तार

आमच्या घरात देव्हाराच नव्हता, तिथं भूत कुठून येणार? वडील, म्हणजे आबा, बौद्ध, त्यात शाळामास्तर. असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. तरी हे लिहितेय... कारण इतकी वर्षं झाली, उत्तर सापडलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. परभणीत स्टेशनकडे पत्र्याच्या दोन खोल्यांत आमचं संगीत विद्यालय होतं. मी पालमची, विशारदला बसलेली. आबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पास झालीस तर जिंतूरच्या शाळंत गाणं शिकवायची नोकरी. न्हाई तर लगीन. पुन्हा परीक्षेचं नाव काढायचं न्हाई."

गुरुजींचा कडक नियम होता — तानपुऱ्याच्या खुंटीला मुलींनी हात लावायचा नाही. एकदा कुणीतरी तार तोडली, तेव्हापासून. ते स्वतः लावून द्यायचे, आम्ही नुसत्या छेडायचो. परीक्षेच्या आधीच गुरुजी वारले. आणि आम्हा विशारदच्या मुलींना तानपुरा लावता येत नव्हता! परीक्षेच्या दिवशी तबल्याच्या सरांनी सकाळीच त्याची पहिली तार पंचमात लावून ठेवली.

दुपारी माझा नंबर आला. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "मालकंस गा."

मालकंसात पंचम, म्हणजे 'प', नसतो. पहिली तार खाली मध्यमावर, म्हणजे 'म'वर, उतरवावी लागते. सर तबल्यावरून उठायला लागले, तर परीक्षक म्हणाले, "तुम्ही बसा. तिचं तिला लावू द्या."

मी खुंटीवर हात ठेवला. पुढं काही सुचेना. संपलं सगळं, असं धरून उगाच तार छेडली... आणि मध्यम वाजला. स्वच्छ. परीक्षक डोळे मिटून म्हणाले, "हं, चला." आवाज कापत होता, तरी गायले.

माझ्यानंतर सुशीला. तिला भीमपलास आला, त्याला पंचमच लागतो. माझ्या हातातूनच तिनं तानपुरा घेतला, छेडला — पंचम!

नंतर सरांनी मला बाहेर गाठलं.

"कवा शिकलीस गं लावायला?"

"मी न्हाई लावला सर, आईशप्पथ!"

"खोटं बोलू नको. खुंटी फिरताना मी बघितली की." "पण तुझा हात तर... नुसता वर ठेवलेला व्हता." पुढं त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

उन्हानं तार ढिली पडते, मान्य. पण नेमकी मध्यमावर थांबेल? बरं, थांबली म्हणू. ढिली तार आपली आपण चढत नाही, हे तानपुरा हाताळणारं कुणीही सांगेल. भीतीत मीच फिरवली असेल, असंही म्हणून बघितलं. मग परत चढवली कुणी?

निकाल लागला, आबांनी पेढे वाटले. मला मात्र रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. गाण्यात मी काठावर होते. विशारदला तानपुरा लावण्याचेही मार्क असतात. ते मला पैकीच्या पैकी होते. त्यांच्यावरच मी पास झाले, जिंतूरला लागले, जन्मभर शिकवलं. ते मार्क कुणाचे, मला आजही माहीत नाही.