हाल्दोरच्या भिंतीवरचा सूर्य

हाल्दोर नेसेने आयुष्यात कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय घेतली नाही. नवे बूट आणले की पाणी शिरतं का ते बघायला तो न्हाणीतल्या टबात उभा राहायचा. गुन्वोरशी लग्न ठरवण्याआधी त्याने तिला भर वादळात होडीतून फिरवून आणलं होतं. ओकला तो, आणि बादली धरून बसली ती. एवढ्या परीक्षेनंतर झालेलं लग्न टिकलं, हे मात्र कबूल करायला हवं.

फेरीबोटीवरची नोकरी संपल्यापासून त्याचा एक नेम होता. नोव्हेंबर सरत आला आणि सूर्य डोंगरामागे दडी मारून बसला, की गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या लाकडी खोपटात राहायला जायचं आणि दोन महिन्यांनी सूर्य परतला की खाली यायचं. खोपटात वीज नव्हती. म्हणजे विजेच्या तारा छपरावरूनच गेल्या होत्या. पण खोपटात वीज आली की ते खोपटं राहत नाही, त्याचं घर होतं, असं उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या स्कारविक गावात पाळण्यातली पोरंही मानतात. आणि घर तर खाली होतंच.

गुन्वोर दर वर्षी मुकाट बरोबर जायची. या वर्षी तिने विणायच्या सुया टेबलावर ठेवल्या. तिचे डोळे अधू झाले होते, आणि रॉकेलच्या दिव्यात काळी लोकर विणणं म्हणजे मांजराच्या अंगावरचे केस मोजणं.

"टाके मोजता येतील एवढा उजेड असला तर राहीन," ती म्हणाली. "नाहीतर मी चालले आस्लाउगकडे. सूर्य आला की येईन मीही."

आस्लाउग ही तिची बहीण. ती लांब दक्षिणेत राहायची, आणि तिच्याकडे फुलांच्या कुंड्यांतसुद्धा दिवे होते. एवढं सांगून गुन्वोर डोळे दाखवायला शहरात गेली. परत आल्यावर एक संध्याकाळ खोपटात बसून बघणार होती आणि मग काय ते ठरवणार होती. हाल्दोरची झोप उडाली. काळोख त्याने पुष्कळ पारखले होते. गुन्वोरशिवायचा एकही नाही.

तारा न जोडता उजेड हवा, म्हणून तो तडक आल्ताच्या बाजारात सौर पॅनेल बघायला गेला. तिथला दुकानदार भला माणूस. त्याने कॉफी पाजली आणि नीट समजावलं. पॅनेल छपरावर आडवं टाकू नकोस, बर्फाखाली गाडलं जाईल. दक्षिणेच्या भिंतीवर उभं लाव. आपल्याकडचा सूर्य बुटका, तो समोरूनच येतो, आणि उभ्या काचेवर बर्फ टिकत नाही. मग त्याने तीन पॅनेलं दाखवली: हे साधं, हे मंद उजेडात जरा बरं चालणारं, आणि हे दोन्ही बाजूंनी काच असलेलं. बर्फावरून उसळलेला उजेड हे पाठीनेही पितं. शेवटी तो म्हणाला की हे सगळं फेब्रुवारीपासून पुढे. सूर्यच नसताना कुठलंही पॅनेल म्हणजे भिंतीला टांगलेली खिडकी. हे त्याने पुन्हा एकदा सांगितलं. हाल्दोरला वाटलं, माणसाला धंदा करायची उमेद नाही. त्याने तिन्ही पॅनेलं पारखायला म्हणून उचलून आणली आणि खोपटाच्या भिंतीला टेकवली.

आता डिसेंबरात सूर्याचं पॅनेल निवडायचं ते कशावर? दुपारी आभाळ जरा निळसर होई तेवढ्यात मीटरचा काटा झोपेत कूस बदलल्यासारखा हले. चंद्राच्या उजेडात काहीच नाही. उत्तरेचा हिरवा प्रकाश आभाळभर नाचून गेला, काटा ढिम्म. हाल्दोर तिन्ही पॅनेलांपुढे कॉफीचा थर्मास घेऊन बसून राही, आणि खालून लोक बघत आणि काही विचारत नसत.

एके दिवशी पोस्टातली मॅग्निल डोक्याला टॉर्च बांधून पार्सल द्यायला आली. तिने कौतुकाने पॅनेलाकडे बघितलं आणि काटा टुणकन उडाला.

"हलू नकोस," हाल्दोर म्हणाला.

ती हलली नाही. त्याने तिला आळीपाळीने तिन्ही पॅनेलांपुढे उभं केलं. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्यालाही घेऊन आली, आणि दुहेरी काचेचं पॅनेल जिंकलं, कारण त्याला पुढून मॅग्निल आणि मागून नवरा असा दोन्हीकडून उजेड देता येत होता. हाल्दोरने ते भिंतीपासून काढून अंगणात दोन खांबांमध्ये उभं केलं. मग त्याने डुग्नाडची हाक दिली. गावकामाची ही हाक आली की आमच्याकडे कारण विचारायची रीत नाही. आपापलं फावडं घेऊन जायचं. या वेळी फक्त निरोप होता की फावड्याऐवजी टॉर्च आणा, घरून नीट चार्ज करून.

शनिवारी गुन्वोर आली. हाल्दोरने तिला मागच्या वाटेने आत नेलं, खुर्चीत बसवलं, भिंतीवर दोनदा टकटक केली, आणि पॅनेलाला जोडलेला छताचा दिवा लागला.

तिने लोकर काढली. टाके दिसत होते, अगदी काळ्या लोकरीचेसुद्धा. ती मोजू लागली, आणि हाल्दोर समोर बसून तिच्याकडे बघत राहिला. मध्येच दिवा मंद झाला, मग पुन्हा पेटला. बाहेर कोणीतरी शिंकलं, आणि दिवा पुन्हा गचकला.

"सूर्याला सर्दी कधीपासून व्हायला लागली?" गुन्वोर म्हणाली.

ती उठली आणि तिने दार उघडलं. अंगणात अख्खं स्कारविक उभं होतं, अर्धं पॅनेलाच्या पुढे, अर्धं मागे, नाकाचे शेंडे लाल, आणि कोणाची मान हलत नव्हती. मागच्या बाजूचे एवढंच म्हणाले की इकडे वारा फार आहे, आता पाळी बदला.

गुन्वोरने सगळ्यांना आत घेतलं. अंगण रिकामं झालं तसा दिवा विझला, पण चिकटून उभ्या राहिलेल्या त्या गर्दीत इतका उजेड झाला की डोळे मिटावे लागले. तिने मॅग्निलच्या डोक्यावरचा टॉर्च काढून आपल्या कपाळावर बांधला, लोकर हातात धरली आणि टाके मोजले. बिनचूक मोजले.

"अरे म्हाताऱ्या, गाव कशाला गोठवलंस? हा एक मला बांधला असता की झालं होतं."

ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तर तो टॉर्च होता.

"मी विचार केला होता," हाल्दोर म्हणाला. त्याने तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांवर हात धरला. "पण हे बघ ना. तुला लोकर दिसते. मला तू दिसत नाहीस. नुसता उजेड दिसतो."

गुन्वोरने कपाळावरचा टॉर्च बंद केला, आणि बाकीच्यांनाही बंद करायला सांगितलं. एकेक टॉर्च विझला. लोखंडी शेगडीचं दार तिने पायाने उघडलं आणि ती पुढ्यात जाऊन बसली.

"आता दिसते?"

"अर्धी."

"अर्धी पुरे. उरलेली सूर्य आल्यावर बघ," ती म्हणाली, आणि तिने अंधारातच मॅग्निलला सांगितलं की खाली गेल्यावर आस्लाउगला फोन कर, मी येत नाही म्हणावं.