बाबा माझे पेशंट झाले तेव्हा

लीड्समध्ये आम्ही बऱ्यापैकी रुळलो होतो. कायम राहण्याचा व्हिसा हातात आला होता, घर घेतलं होतं, आणि मी एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. काम घरूनच असायचं. मला त्याचा कंटाळा आला आहे हे माझ्या लक्षातही आलं नसतं, पण कोविडच्या लसी सुरू झाल्या आणि मी शनिवारी जवळच्या लसीकरण केंद्रावर व्हॉलंटिअर म्हणून जायला लागले.

माझं काम सोपं होतं. लस घेतलेल्यांना खुर्चीवर थोडा वेळ बसवायचं, आणि कोणाला काही होत नाही ना ते बघायचं. मी त्यांच्याशी गप्पा मारायचे. एका शनिवारी एक धिप्पाड माणूस बसल्या बसल्या पांढराफटक पडला आणि खुर्चीवरून घसरायला लागला. मी त्याला धरलं, हळूच जमिनीवर आडवं केलं, माझी बॅग पायांखाली सरकवली आणि त्याच्याशी बोलत राहिले. तिथली इन्चार्ज नर्स आली, तोवर तो डोळे उघडून मलाच सॉरी म्हणत होता.

केंद्र बंद करताना ती नर्स म्हणाली, "बहुतेक लोक अशा वेळी मागे सरकतात. तू पुढे गेलीस. तुझ्याकडे कुठली डिग्री आहे?"

"इंजिनिअरिंगची."

"कुठलीही चालते. दोन वर्षांचा मास्टर्स असतो. डिग्री आधीच असलेल्यांना नर्स करतात. बघ विचार करून."

विचार करायला मला घरी पोचेपर्यंतचा रस्ता पुरला. नवऱ्याला सांगितलं तर तो भांडी घासता घासता म्हणाला, "तू सोमवारपेक्षा शनिवारी जास्त खूश असतेस, हे मी कधीचं बघतोय. कर."

अर्ज करण्याआधी अनुभव हवा होता. मी आठवड्याचे काही दिवस ऑफिसचं काम आणि शनिवार-रविवार एका केअर होममध्ये, अशी विभागणी केली. म्हाताऱ्या माणसांना भरवायला, आंघोळ घालायला, कपडे बदलायला तिथे शिकले. पहिल्या दिवशी दोनदा बाहेर जाऊन मोकळी हवा घेतली. दुसऱ्या आठवड्यात एका आजींचे केस विंचरताना त्या झोपून गेल्या, तेव्हा मला कळलं की हे मला जमतं. नुसतं जमत नाही, चांगलं जमतं.

मग नागपूरला बाबांना फोन केला. बाबा म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखवल्याशिवाय मार्क न देणारे.

"नर्स?" ते म्हणाले.

"हो बाबा. मास्टर्स आहे."

"मास्टर्सचं जाऊ दे. काम काय करा लागते ते सांग."

मी काही लपवलं नाही. औषधं, इंजेक्शनं, ड्रेसिंग सांगितलं. अंग पुसणं, बेडपॅन देणं आणि काढणं हेही सांगितलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या बापानं म्युनिसिपालटीत आयुष्यभर लोकांची घाण काढली. मला शाळेत घातलं ते त्यातून बाहेर पडासाठी. मी तुला इंजिनिअर केलं. आणि तू अर्ज करून परत तिथंच चालली?"

"आजोबांना कोणी विचारलं नव्हतं. मला कोणी ढकलत नाहीये. मी निवडतेय."

"हे काम कोणी निवडून करते का?"

"इथे करतात. इंटरव्ह्यू असतो. पुष्कळ जण नापास होतात."

"मग तू पण हो नापास," म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आई आवाज बारीक करून म्हणाली, "तू भर अर्ज. यांचं मी पाहते."

बाबांच्या बोलण्याचं वाईट वाटलं, पण ते चूक बोलले असं मला वाटलं नाही. आमच्या घरात शिक्षण हीच सगळ्यात मोठी कमाई होती आणि त्यामागे काय होतं ते मला माहीत होतं. तरी माझा निर्णय हलला नाही.

इंटरव्ह्यूला तिघे होते. एक प्राध्यापिका, एक वॉर्डमधली नर्स, आणि व्हीलचेअरवर बसलेले एक आजोबा. ते कोण हे मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं की ते पेशंटांच्या वतीने आले आहेत आणि त्यांनाही मार्क द्यायचा अधिकार आहे. प्राध्यापिकेचे प्रश्न मी तयार करून गेले होते. आजोबांचा प्रश्न मात्र कुठल्याच तयारीत नव्हता.

"समज, तू मला आंघोळ घालायला आलीस आणि मी नको म्हणालो. मग?"

"मग नाही घालणार. चहा हवा का विचारीन. थोड्या वेळाने परत येईन आणि नको का वाटतंय ते विचारीन. कदाचित पाणी गार असेल. कदाचित मीच नको असेन."

ते मोठ्याने हसले. बाहेर पडताना मला खात्री होती की जागा मिळणार, आणि मिळाली.

तीन वर्षांचं शिक्षण दोनात कोंबलेलं असल्यामुळे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. वर्गात एक चर्चचा माजी ऑर्गनवादक होता, एक केमिस्ट्री शिकवणारी बाई होती, आणि आम्ही सगळेच पुन्हा शाळेत गेल्यासारखे घाबरलेले आणि उत्साही. कॉलेज आणि हॉस्पिटल आलटून पालटून. पहिली प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, वृद्धांच्या वॉर्डमध्ये लागली. माझी सुपरव्हायझर कडक होती. एकदा मी घाईघाईत एका आजींना ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला, तर तिने मला बाजूला घेतलं. "आकडा बरोबर आलाय. पण तू त्यांना विचारलंस का? दंड त्यांचा आहे." ऐकताना मला थेट बाबांच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. पायऱ्या दाखवल्या नव्हत्या मी.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे आले. फोनवर बाबा माझ्या अभ्यासाचा विषय टाळायचे. इथे टाळणं कठीण होतं, कारण माझी प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली होती आणि मी घरभर स्टेथोस्कोप घेऊन फिरत होते. नवरा ऑफिसला, आई मागच्या अंगणात मेथी पेरण्यात गुंतलेली. प्रॅक्टिससाठी एकच माणूस मोकळा होता.

"बाबा, थोडा वेळ पेशंट व्हाल?"

"मला काय झालं?"

"काही नाही. नुसतं झोपायचं."

कुरकुरत ते सोफ्यावर आडवे झाले. मी हात धुतले, शेजारी गुडघ्यावर बसले, नाव सांगितलं, मी विद्यार्थिनी आहे हे सांगितलं आणि म्हणाले, "तुमची नाडी बघायची आहे. मनगटाला हात लावला तर चालेल?"

"विचारून काय राहिली? धर की."

"विचारावंच लागतं. नाही विचारलं तर मार्क जातात."

"सगळ्यांना विचारता?"

"सगळ्यांना. प्रत्येक वेळी."

"आणि एखादा नाही म्हणाला तर?"

"तर नाही लावायचा."

बाबा छताकडे बघत बोलायला लागले. "लहान असताना मला ताप आला होता. बाप मला वैद्याकडे घेऊन गेला. वैद्य ओट्यावर, आम्ही खाली. त्यानं तिथूनच विचारलं, काय होते म्हणून. नाडी नाही पाहिली. औषधाची पुडी वरून टाकली. ती मातीत पडली, बापानं उचलली." मग ते म्हणाले, "त्याला आम्हाला हात लावाचा नव्हता. आणि तू परवानगी मागून राहिली."

बाबांनीच हात पुढे केला. "चालेल," ते म्हणाले, अगदी पेशंटसारखं औपचारिक. मी नाडी मोजली. बोटांखाली ती जरा जोरात चालली होती, आणि मी ती खरोखरच पूर्ण मिनिट मोजली.

त्यानंतर बाबा असे पेशंट झाले की मला पळता भुई थोडी झाली. कधी ते ऐकू न येणारे व्हायचे, कधी चिडके, कधी औषध घ्यायला नकार देणारे. मी एखादी पायरी विसरले की "मार्क कट!" म्हणून ओरडायचे. "हात धुतले? कधी? मी तर नाही पाहिले." आई म्हणायची, हा माणूस परीक्षक नाही, छळ आहे. परीक्षेत मला फारसं अवघड काही वाटलंच नाही. परीक्षकबाई बाबांपेक्षा खूप मवाळ होत्या.

मी पास झाले. निकाल कळला तेव्हा बाबा म्हणाले, "ठीक." आमच्या घरात याहून वरचा शेरा नाही. पण नागपूरला परतल्यावर बुद्धविहारात ते सगळ्यांना माझ्या कामाबद्दल सांगतात, असं आईकडून कळलं. बेडपॅनचा उल्लेख ते अजून करत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

आता मी छातीच्या विकारांच्या वॉर्डमध्ये नर्स आहे. पाय दुखतात, शिफ्टच्या शेवटी डोकं रिकामं होतं, आणि सोमवारचं मला काही वाटत नाही.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले होते. जेवणाच्या रांगेत एका काकूंनी चौकशी केली, "तुम्ही कुठल्या कंपनीत?"

"हॉस्पिटलमध्ये आहे."

"आयटी डिपार्टमेंटला?"

"नाही, नर्स आहे."

"अच्छा," म्हणत त्या माझ्या साडीकडे, मग नवऱ्याकडे बघायला लागल्या. बिचारीवर काय वेळ आली, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मी शांतपणे कोशिंबीर वाढून घेतली. जेवण संपता संपता त्याच काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि इकडेतिकडे बघत कुजबुजल्या, "अहो, माझा पाय दोन दिवस सुजलाय. एकच. पोटरी दुखते पण. काही नसेल ना?"

एकच पाय सुजलेला आणि पोटरी दुखतेय, म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. मी ताट बाजूला ठेवलं. "इथे नको," मी म्हणाले. "मागच्या खोलीत चला. मोजा काढावा लागेल. मी बघितलं तर चालेल ना?"